कांपोदिमेलेची लाखोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं बालपण भंडारा जिल्ह्यात गेलं. धान कापणीला यायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकून द्यायचं आणि धान निघाला की निळ्या फुलांनी बांधी भरून जायची, हे दृश्य आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. घरात त्या डाळीचं वरण व्हायचं, वडे व्हायचे. पुढे मी नागपूरला डॉक्टरकी शिकायला गेलो, तेव्हा हीच लाखोळी मला पाठ्यपुस्तकात भेटली, तीही आजाराच्या प्रकरणात. दुष्काळात दुसरं काही मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने हीच डाळ खाल्ली, तर पायातली शक्ती जाते. पाय ताठतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. असे दोन रुग्ण मी वॉर्डात पाहिलेले आहेत. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. नंतर अनेक वर्षं त्यावर वाद चालला. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून उपोषणंही केली.

आज हे सांगण्याचं कारण थोडं वेगळं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मी भाचीकडे रोमला गेलो होतो. ती म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांना तपासत आलात. चला, तुम्हाला म्हाताऱ्यांचं गाव दाखवते." रोमहून तिच्या गाडीने दक्षिणेला दोन-सव्वादोन तास. फोंदीच्या सपाट मैदानात भाजीपाल्याचे मळे आणि काचघरं लागतात. तिथून रस्ता ऑरुंची डोंगरात चढू लागतो. दोन्ही अंगांना ऑलिव्हची झाडं. शेवटच्या वळणावर समोरच्या टेकडीवर गोल बुरुजांची तटबंदी दिसते आणि तटातच घरं बांधलेली. हे कांपोदिमेले. उंची समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माथेरानहून कमीच. वस्ती सहाशेच्या घरात. नावाचा संबंध मधाच्या शेताशी जोडतात.

गावाला इटलीत 'दीर्घायुष्याचं गाव' म्हणतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत रोमच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी इथल्या म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजले, कोलेस्टेरॉल तपासलं. वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, असं आम्ही समजून चालतो. इथल्या पुष्कळ वृद्धांत तसं आढळलं नाही. मग वर्तमानपत्रं आली, टीव्हीवाले आले, आणि माझ्यासारखे पाहुणेही येऊ लागले.

गावात पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट कळली ती माझ्या गुडघ्यांना. सपाट असं काही नाहीच. पाव आणायचा तर पायऱ्या, देवळात जायचं तर पायऱ्या, शेजारणीशी भांडायचं तरी पायऱ्या. मी दोनदा थांबून दम खाल्ला. तेवढ्यात हातात पालेभाजीची पाटी घेतलेले एक आजोबा मला ओलांडून वर गेले. वय विचारलं तर ८८. वर पोहोचल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर दयेची होती, हे मला मान्य केलं पाहिजे.

दुपारी भाचीच्या ओळखीच्या एका घरी जेवायला गेलो. घरची आजी ९४ वर्षांची. तिने तिखट-मीठ बेताचं घातलेलं एक दाट सूप पुढे ठेवलं. वरून ऑलिव्हचं तेल, बाजूला घरचा पाव. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. ही चव मला माहीत होती. भाचीला म्हटलं, कच्चा दाणा दाखवायला सांग. आजीने बरणी आणली. चपटे, कोनाकोनाचे, दगडाच्या चिपांसारखे दाणे. लाखोळीच! तिथे तिला 'चिचेर्क्या' म्हणतात. उन्हाळ्यात या गावात तिच्या नावाने जत्रा भरते.

मी डॉक्टरी आवाजात विचारलं, ही खाऊन कुणाचे पाय गेले नाहीत का? आजी हसली. म्हणाली, आदल्या दिवशी भिजत घालायची, पाणी दोन-तीनदा बदलायचं, ते पाणी फेकून द्यायचं. आणि रोज कोण खातं? एक दिवस ही, एक दिवस घेवडा, एक दिवस रानभाजी, कधीतरी बकऱ्याचं मटण. आमच्या पुस्तकातली दोन पानं तिने दोन वाक्यांत संपवली. डाळीतलं विष पाण्यात उतरतं, आणि ताटात चार गोष्टी असल्या की उरलेलं सहसा बाधत नाही. आमच्याकडच्या ज्या मजुरांचे पाय गेले, त्यांच्या ताटात दुसरं काही नव्हतं. दाणा तोच होता.

आता थोडं आकड्यांविषयी, कारण अशा गावांच्या बाबतीत आपण फार लवकर भुलतो. समजा, सहाशेंच्या गावात ८५ च्या पुढची साठ माणसं आहेत, म्हणजे शेकडा दहा. उद्या दोनशे तरुण नोकरीसाठी निघून गेले, तर तीच साठ माणसं शेकडा पंधरा होतात. कुणी एक दिवसही जास्त जगलेलं नसतं. म्हणून सार्दिनिया बेटावर जान्नी पेस आणि मिशेल पूलां या अभ्यासकांनी हिशेब वेगळा केला. गावात जन्मलेल्यांपैकी शंभरी किती जणांनी गाठली, ते त्यांनी मोजलं. त्यासाठी जन्माच्या नोंदी तपासल्या. मोठं भावंड दगावलं की त्याचंच नाव पुढच्या बाळाला द्यायची रीत होती, त्यामुळे एकाचं वय दुसऱ्याला चिकटायचं. तेही त्यांनी वगळलं. २००४ साली त्यांचा निबंध आला. नकाशावर निळ्या शाईने भाग दाखवला होता, तिथूनच 'ब्लू झोन' हा शब्द निघाला. तिथे शंभरी गाठणाऱ्यांत पुरुष जवळजवळ बायकांइतकेच निघाले, एरवी जगभर बायका कितीतरी जास्त असतात. नंतर त्यांनी कारणं शोधली, तेव्हा पुरुषांच्या दीर्घायुष्याचा संबंध मेंढपाळीशी, जमिनीच्या चढाशी आणि कामाच्या जागेपर्यंतच्या अंतराशी लागला. थोडक्यात, माझ्या गुडघ्यांचं म्हणणं बरोबर होतं. शंका घेणारेही आहेत. सॉल न्यूमन यांनी जगभरच्या शंभरीच्या नोंदींतल्या चुका दाखवल्या आणि त्याबद्दल त्यांना २०२४ चं इग नोबेल मिळालं. ही शंका निरोगी आहे असं माझं मत आहे. पण समोर बसून डाळ निवडणारी ९४ वर्षांची बाई काही नोंदीतली चूक नव्हती.

तिला मी विचारलं, लहानपण कसं गेलं? ती गप्प झाली. मग म्हणाली, "पंधरावं लागायचं होतं, तेव्हा आम्ही डोंगरात लपलो होतो." एवढंच. तिने पुन्हा डाळीत हात घातला.

गाडीत बसल्यावर भाचीने मला १९४४ चा मे महिना सांगितला. जर्मनांची फळी याच डोंगरातून फुटली. आघाडीवर फ्रेंचांच्या हाताखालचं वसाहतीचं सैन्य होतं. ते आल्यावर एस्पेरिया आणि आसपासच्या गावांतल्या बायकांवर जे ओढवलं, त्यावर पुढे आल्बेर्तो मोराव्हिया यांनी कादंबरी लिहिली. स्वतः मोराव्हिया १९४३-४४ मध्ये फोंदीच्या वरच्या डोंगरात लपून राहिले होते. आपल्यापैकी अनेकांनी त्या कादंबरीवरचा सोफिया लॉरेनचा सिनेमा पाहिला असेल.

आम्ही परतीला डोंगराची दुसरी बाजू उतरलो. लिरी नदीचं खोरं लागलं आणि पुढे कसिनो. तिथल्या राष्ट्रकुल दफनभूमीत चार हजारांहून जास्त सैनिक आहेत. भारतीय सैनिकांचा भाग वेगळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या, हे मला वाचून माहीत होतं. पण दगडावर नाव आणि वय कोरलेलं पाहणं वेगळं. मी वयं वाचत गेलो. १९. २१. २०. २३. सकाळपासून मी वय विचारतच फिरत होतो, ८८, ९४. इथे मला पुढे वाचवेना. आजी पंधरावं लागायच्या आधी डोंगरात लपलेली आणि ही मुलं खाली खोऱ्यात. मध्ये अंतर असेल पंचवीस-तीस किलोमीटर.

कांपोदिमेलेतून निघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, ती सांगायची राहिली. दिवसभरात मला गावात मुलं दिसली दोन. तीही आजोळी आलेली.

माझी आई ९१ वर्षांची आहे. नागपूरला चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, म्हणून पायऱ्या नाहीत, आणि पायऱ्या नाहीत म्हणून ती वर्षभरात फारशी खाली उतरलेली नाही. ही सोय मीच मोठ्या प्रेमाने केलेली. त्या रात्री तिला फोन लावला. गावाचं वर्णन केलं, बुरूज सांगितले, ९४ वर्षांच्या बाईने स्वतः रांधून वाढलं हे सांगितलं. तिला फारसं कौतुक वाटलं नाही. सासूला त्या वयात आपणही स्वयंपाकघरात पाहिलंय, म्हणाली. मग मी सांगितलं, आई, लाखोळी होती जेवायला.

पलीकडे क्षणभर शांतता.

"भिजवली होती ना रे?" तिने विचारलं. "आणि पाणी? पाणी फेकलं होतं का तिने?"