अर्ज म्हणजे भीक नव्हे

(गांवच्या शाळेंत जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



नोकरीसाठीं अर्ज कसा करावा आणि मालकापुढें कसें उभें राहावें, याविषयीं दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही पडलों खेड्यांतले मास्तर. नोकऱ्या देणें आमच्या हातीं नाहीं. पण गांवांतले पुष्कळसे अर्ज आमच्या हातून जातात आणि त्यांतला एक आम्हीं स्वतः बिघडविला. ती कबुली अगोदर देतों, उपदेश मागून.

आमच्या गांवांतील एका सुतारबंधूंचा मुलगा. एका कारखान्यांत दुरुस्तीच्या कामावर शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे होते. मुलगा आमच्याकडे आला. आम्हीं ट्रेनिंग कॉलेजांतली सारी विद्या त्या कागदावर ओतली. "अहर्निश सेवातत्पर," "आपल्या कृपाछत्राखालीं," आणि शेवटीं "गरिबावर दया व्हावी." बापाच्या धंद्यापुढें आम्हीं "शेती" असें लिहिलें, कां, तर सुतारकी लिहिली असतां हलकें दिसेल असें आम्हांस वाटलें.

मुलाखतीस साहेबांनीं विचारलें, "अहर्निश म्हणजे काय?" मुलगा गप्प. "शेती किती?" घरीं एक गुंठाही नाहीं. पोर खरें, पण अर्ज खोटा. अर्जाबरोबर पोरही खोटें ठरलें. तो परत आला तेव्हां त्याचे वडील आम्हांस एवढेंच म्हणाले, "गुरुजी, माझ्या वाकसाची लाज माझ्या पोराला नव्हती, तुम्हांला कां वाटली?"

मंडळी, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पुढल्या वर्षीं पुन्हां जागा निघाल्या. या वेळीं अर्ज मुलानेंच लिहिला. आम्हीं फक्त शुद्धलेखन पाहिलें. त्यानें लिहिलें कीं, वडिलांचा धंदा सुतारकी आहे. सहा वर्षें त्यांच्या हाताखालीं कुळव, पाभर व बैलगाडी यांचें काम करतों. माप घेतां येतें, गुण्या लावतां येतो. लोखंडाचें काम येत नाहीं, शिकण्याची इच्छा आहे. साहेबांनीं विचारलें, "लाकूड पुरतें वाळलें हें कसें ओळखतोस?" त्यानें सांगितलें कीं, हातांत घेतलें म्हणजे वजनावरून आणि ठोकलें म्हणजे आवाजावरून कळतें. पुढें पांच-दहा मिनिटें बोलणें चाललें तें कामाविषयींच. मुलगा कामावर लागला. आज तो दुसऱ्या पोरांना शिकवितो.

आतां यांतला बोध. मालकाला दया करावयाची नसते, त्याला काम करून घ्यावयाचें असतें. त्याला तुमच्या गरिबीची हकीकत नको. तुमच्या हाताला काय येतें तें हवें. कुंभाराच्या मुलाला माती कळते, माळ्याच्या मुलाला पाण्याची पाळी कळते, शिंप्याच्या मुलीला कापडाचा अंदाज कळतो. ही विद्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलेली नसते, म्हणून ती आपणच लिहिली पाहिजे. आणि जें येत नाहीं तेंही लिहावें. "येत नाहीं, शिकेन" असें म्हणणाऱ्याचें "येतें" हें म्हणणें लोक खरें मानतात.

आपल्या लोकांच्या अर्जांत ही लाचारी आली कोठून? नोकरी ही कोणाच्या तरी मर्जीची वस्तु आहे, असें पिढ्यान् पिढ्या आपल्या मनावर ठसलें. घाटावरचा व कोंकणांतला आपला माणूस मुंबईच्या गिरणींत गेला, तो जॉबरच्या हातून. कामावर घेणें त्याच्या हातांत, काढणें त्याच्याच हातांत. मग त्याला दस्तुरी द्यावी लागे. सरकारनें नेमलेल्या मजूर कमिशनच्या १९३१ च्या अहवालांत या लांचखोरीची नोंद आहे. तो जॉबर गेला, पण त्याचा भाऊ दलाल अजून तालुक्याच्या गांवीं चहाच्या दुकानांत बसलेला आढळतो. "साहेब माझ्या ओळखीचे आहेत, दोन लाख द्या," असें म्हणतो. त्याच्यासाठीं बैलजोडी विकूं नका, दागिना गहाण टाकूं नका. २०१८ सालच्या दुरुस्तीपासून सरकारी कामासाठीं लांच देणें हाही गुन्हाच आहे. पैसे जातात, नोकरी मिळत नाहीं, आणि फिर्याद करावी तर आपणच आरोपी होण्याचा धोका!

कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हें आपण सर्व जाणतां. पण त्याच्या आदल्या वर्षीं, १९०१ सालीं, त्यांनीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग काढलें होतें. पुढें इतर जातींसाठींही बोर्डिंगें निघालीं. जागा राखून भागत नाहीं, जागेवर बसणारा तयार करावा लागतो, हें त्या राजाला कळलें होतें. आज १९५० च्या राज्यघटनेनें सरकारी नोकरींत सर्वांस समान संधि दिली आहे. ती संधि दारांत उभी असतां आपण हात जोडून, मान खालीं घालून उभे राहिलों, तर दोष कोणाचा?

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वय, शिक्षण व शेवटची तारीख यांतच पुष्कळ अर्ज बाद होतात. नांव आणि जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे तशीच लिहा. दाखल्यांच्या नकला जोडा. अस्सल कागद दाखवा, पण कोणाच्या हवालीं करूं नका. अर्ज कागदावर असो कीं संगणकावर, त्याची एक प्रत घरीं ठेवा. ज्या शब्दाचा अर्थ विचारला असतां सांगतां येणार नाहीं, तो शब्द अर्जांत घालूं नका.

मुलाखतीस उसना कोट नको. धुतलेले कपडे, कापलेलीं नखें पुरेत. घटकाभर आधीं पोंचा. नमस्कार करा, बसा म्हटल्यावर बसा, प्रश्न पुरा ऐका, मग बोला. बोलतांना जमिनीकडे नव्हे, विचारणाराकडे पाहा. आपली गांवची बोली आली तर येऊं द्या. ती दडविण्याच्या नादांत जीभ अडखळते. माहीत नसेल तर "माहीत नाहीं" म्हणा. आणि शेवटीं पगार किती, तास किती, पगारांतून कापलें काय जाईल, हें विचारा. हा उद्धटपणा नव्हे. बैल विकत घेणाराही भाव विचारतो. आपण तर आपले दिवस विकतों.

आई-बापांना एकच विनंती. "मोठ्या माणसांपुढें तोंड उघडूं नये" ही शिकवण आतां पुरे करा. घरीं पाहुणे आले म्हणजे मुलाला आणि मुलीलाही पुढें बसवा, दोन प्रश्नांचीं उत्तरें देऊं द्या. घरीं ज्याचें तोंड उघडलें नाहीं, त्याचें साहेबापुढें एकाएकीं उघडत नाहीं.

त्या सुतारबंधूंचा प्रश्न आम्हीं तेव्हांपासून मनांत बाळगला आहे. आतां आमच्याकडे कोणी अर्ज लिहून मागावयास आला, तर आम्ही त्याच्या हातांत लेखणी देतों आणि समोर बसतों. आपणांपैकीं ज्यांचीं मुलें यंदा अर्ज करणार असतील, त्यांनीं त्यांना रविवारीं सकाळीं शाळेंत पाठवावें. कागद आमचा, अक्षर त्यांचें.