सुरुंगाची न ऐकू येणारी हाक

जिंतूरच्या डोंगराळ भागात विहीर खणताना माती सरली, मुरूम सरला, की काळा पाषाण लागतो. तिथे पहार चालत नाही, सुरुंगच लावावा लागतो. बार उडाला की धूर दिसतो, धमाका ऐकू येतो, पायाखालची जमीन हादरते. त्याच क्षणी त्यातून विद्युतचुंबकीय लहरीही निघतात. रेडिओच्या लहरी ज्या जातीच्या, त्याच जातीच्या. कोल्स्की या शास्त्रज्ञाने १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांची नोंद प्रसिद्ध केली.

आता तुम्ही म्हणाल, दारूत वीज कुठून आली? थंडीत अंधारात घोंगडी झटकून पाहा, चटचट ठिणग्या उडतात. ती घर्षणाची वीज. सुरुंगातही खडक तडकताना, दगड-धूळ एकमेकांवर घासताना विद्युतभार वेगळे होतात. त्याआधी स्फोटाच्या प्रचंड उष्णतेने वायूतले काही इलेक्ट्रॉन सुटतात. ते हलके, म्हणून पुढे धावतात. जड कण मागे राहतात. भार असे कमीजास्त वेगाने हलले की लहरी उठतात. धुळीचा लोट सावकाश पसरतो, म्हणून त्याच्या लहरींची आंदोलने कमी. लहरी मात्र फार क्षीण असतात. त्या टिपायला बारुदाजवळच अँटेना रोवावी लागते, घरच्या रेडिओवर भरवसा नको.

शिक्षक मित्रांनी वर्गात मध्यम लहरींचा रेडिओ लावून, स्टेशन नसेल तिथे काटा ठेवून, शेजारी ठिणगी पाडणारा गॅस लायटर दाबावा. कट्‌ आवाजाबरोबर रेडिओही खरखरेल. मुलांना एवढे पुरते.

हाच संबंध उलट बाजूनेही लागू पडतो, आणि तिथे जीव जातो. विजेवर चालणाऱ्या डिटोनेटरमध्ये केसासारखी बारीक तार असते. तिच्यातून थोडा प्रवाह गेला की बार उडतो. आभाळातली वीज दूर पडली तरी लांब पसरलेल्या तारांत प्रवाह उठू शकतो. मृगाआधी विहीर उरकायची घाई आणि वळवाचे ढग, दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात! मुकादम म्हणतो, 'एवढी भोके भरून घेऊ.' त्याचे ऐकू नका. गडगडाट कानी आला, किंवा बांधावरचा रेडिओ वरचेवर खरखरू लागला, की भरणे थांबवून सगळ्यांनी वर यावे आणि लांब जावे. भरलेली भोके तशीच राहू द्यावीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत कुणीही खाली उतरू नये.