शाळेतील गीता आणि मठातील गीता



आजच्या मंगल प्रसंगी एका लौकिक प्रश्नाकडे आपले लक्ष वेधीत आहे. १७ मार्च २०२२ रोजी गुजरातच्या शिक्षणमंत्र्यांनी सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीता शिकविण्याची घोषणा विधानसभेत केली. आपल्यापैकी कित्येकांना त्या दिवशी आनंद झाला असेल, आणि तो स्वाभाविकच आहे. परंतु गीता शाळेत कोणत्या रूपाने जाते, हे भक्तानेच प्रथम पाहावयास हवे.

शंकराचार्यांना गीतेत ज्ञान व संन्यास दिसला. ज्ञानोबांनी तिला भक्तीचा ओलावा दिला. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गीतारहस्या'त तिच्यातून कर्मयोग मांडला. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती समजावून सांगितली आणि साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली. (आपल्यातील अनेक घराणी त्याच खानदेशातून येथे आली.) इतके अर्थ असूनही गीता एकच राहिली. प्रश्नपत्रिकेला मात्र एकच बरोबर उत्तर लागते. ते कोण ठरविणार? ज्याच्या हाती सत्ता, तो! आज एक पक्ष, उद्या दुसरा.

घटनेच्या २८ व्या कलमान्वये संपूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते दिल्यास अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाची संमती आवश्यक असते. धर्मांविषयीची माहिती देणे ही गोष्ट निराळी, हा भेद सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली मान्य केला. कागदावर तो स्पष्ट आहे. वर्गात तो शिक्षकाच्या जिभेवर अवलंबून राहतो.

आणि ही सुरत! येथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा भाषांतून चालतात. पुढे माध्यमिक शाळेत लिंबायतचा मराठी मुलगा आणि त्याचा मुसलमान शेजारी एका बाकावर बसू शकतात. त्या शेजाऱ्याने गुणांसाठी श्लोक पाठ केला, तर गीतेचा कोणता गौरव झाला? आपल्या मुलानेही तो गुणांसाठीच पाठ केला, तर मला अधिकच वाईट वाटेल.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. गुजरातेत आपणही अल्पसंख्य आहोत. घटनेचे ३० वे कलम धर्माने अल्पसंख्य आणि भाषेने अल्पसंख्य अशा दोघांनाही स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार एकाच वाक्यात देते. उर्दू शाळेच्या पायाखालची फळी काढावी आणि मराठी शाळेची तेवढी राहावी, असे होणार नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या शाळेत जाऊन हे पुस्तक प्रत्यक्ष पाहावे, परीक्षेत त्यावर काय विचारतात ते समजून घ्यावे, आणि इतर धर्मांविषयी मुलांना काय सांगितले जाते, तेही विचारावे. राहिली श्रद्धेची गीता. ती शिकविण्यास या मठाला कोणाच्याही परिपत्रकाची गरज नाही. ज्ञानेश्वरी येथे आहे, आणि मुलांना घेऊन येणे आपल्या हाती आहे.