इंजिन बांधताना जोडी जुळवा

उभ्या उसाला पाणी हवं आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन खोललेलं! अशा घाईत मिळेल तो जुना क्रँक बसवला जातो. तिथंच घात होतो.

पाच अश्वशक्तीच्या पुष्कळ इंजिनांत पिस्टन ८० मिलिमीटरचा आणि त्याचा स्ट्रोक, म्हणजे वरखालची धाव, ११० मिलिमीटर असते. समजा, बसवलेल्या क्रँकची धाव ११४ निघाली. मग पिस्टन २ मिलिमीटर जास्त वर आणि २ जास्त खाली जाणार. हेडपाशी एवढी जागा नसते. पिस्टन हेडवर आदळतो, रॉड वाकतो. रॉड लांब असला किंवा पिस्टनच्या पिनचं भोक खाली असलं, तरी तेच.

म्हणून तिन्ही भाग एकाच मॉडेलचे घ्या. क्रँक ०.२५ मिलिमीटर घासला, तर बेअरिंगही ०.२५ अंडरसाइजच हवं. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लावू नका.

शेवटी पिस्टनवर शिशाची तार ठेवा, गॅस्केटसह हेड आवळा, चाक हातानं सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका. चेपलेल्या तारेची जाडी इंजिनच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा. माप जुळलं, तरच हँडल मारा.