पाणी घालण्याआधी

मागची मंडळी जरा पुढे सरका. बोईसर स्टेशनवरून थेट आलेली माणसं दिसतायत, बॅग अजून खांद्यालाच आहे. ठेवा खाली. विठ्ठलाच्या दारात ओझं घेऊन बसायचं नसतं.

सज्जनहो, परवा इथलीच एक माउली भेटली. म्हणाली, "महाराज, आमचे हे एमआयडीसीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मी पहाटेची गाडी धरते. मुलं शाळेत, क्लासला. घर कधी आवरायचं, तुळशीला पाणी कधी घालायचं, आणि देवाचं नाव तरी कधी घ्यायचं?"

ह्या प्रश्नाला हसू नका. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, सोय झाली, पण आपल्या बाजूला गाड्या मोजक्याच. एक चुकली की सगळा दिवस चुकतो. हे मला ठाऊक आहे, मीही बोईसरलाच राहतो.

उत्तर सावता महाराजांकडे आहे. सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव. शके 1217, म्हणजे 1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. परंपरा सांगते, मळा सोडून ते कधी पंढरीला गेले नाहीत. आणि गंमत बघा, इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण अरणला पांडुरंगाचीच पालखी जाते! देव भक्ताच्या गावी जातो.

आता कोणी म्हणेल, "झालं तर मग! काम हीच पूजा. ओव्हरटाईम केला की पोचलो वैकुंठाला." थांबा, थांबा. कामाला तर सगळेच जातात, बैलही जातो. सावतोबा मळ्यात राबत होतेच, पण मळ्याकडे बघतही होते. कुठल्या वाफ्याला तहान लागली, कुठला वाफा तुंबला, हे बघणं म्हणजे सेवा. नुसतं उरकणं म्हणजे सेवा नाही. कळलं का?

कळलं म्हणालात. मलाही वाटत होतं, मला कळलंय. माझीच फजिती सांगतो.

वडील गेल्यावर आईला मी माहीमच्या वाडीतून बोईसरच्या फ्लॅटमध्ये आणलं. जन्म गेला तिचा पानवेलींत, नारळी-पोफळीत. येताना तिनं एकच गोष्ट मागितली, तुळशीची कुंडी. ती गॅलरीत ठेवली. आम्ही सगळे धावपळीतले, पण तुळशीला कोणी विसरलं नाही हो! सकाळी मी तांब्याभर पाणी घालायचो. बायको कामावर जाताना घालायची. मुलगा शाळेतून आला की घालायचा. तीन तांबे, वर आषाढाचा पाऊस. पानं पिवळी पडली. आम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी वारीला निघालो तेव्हा सांगून गेलो, "तुळशीला जास्त घाला."

पंढरीहून परत आलो तर तुळस गेलेली. उपटून पाहिली, मुळं काळी, वास येतोय. आईनं कुंडी उलटी केली. म्हणाली, "खालचं भोक बुजलंय. मुळं कुजली."

मी म्हटलं, "आई, तुला कळत होतं, मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "अरे बाबा, तुम्ही सगळे पाणी घालायचात आणि पळायचात. मला कोणी विचारलंच नाही."

विठ्ठल, विठ्ठल!

माउलींनो, त्या रात्री मला झोप नाही. आईला मी काय देत होतो? वेळेवर गोळ्या, झाकून ठेवलेलं ताट, टीव्हीचा रिमोट. तिथंही तीन तांबे! सगळं वरून ओतत होतो. ह्या बाईला काय हवं, काय नको, तिचं मूळ कुठं गुदमरतंय, हे बघायला कोणी थांबलं नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ घालून मी गावोगाव सेवा सांगत फिरत होतो, आणि घरात दोन्ही तुळशी पिवळ्या पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी आईपाशी बसलो. म्हटलं, "शिकव." तिनं शिकवलं ते तुम्हीही ऐका.

पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर हात जोडा आणि पुढे जा. पाणी घालू नका. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, माती अडते, पाणी वाहतं. मातीत शेणखत आणि थोडी वाळू घाला, पण चिंचणीच्या किनाऱ्यावरची नको, ती खारी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत जा, झाड भरतं. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या करा, नाहीतर तुळशीच्या नावानं डेंग्यूचे डास पाळाल.

आणि ऋतू ओळखा. देवाचा प्रसाद ऋतूनं येतो. पहिल्या पावसाच्या सुमाराला आदिवासी बायका बाजारात शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडं असतात, कारण त्यावाचून शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा येतो. तेव्हाच कठड्याला काकडीचा वेल सोडा. थंडीत परातभर मातीत मेथी, कोथिंबीर पेरा. थंडीतच मोगरा छाटा, चैत्रात घर दरवळतं. फ्लॅटमधल्या पोराला कळू द्या की भाजी पिशवीत उगवत नाही.

वेळ किती लागतो? पाच मिनिटं. पण पाणी घालणारा एकच ठरवा, बाकीच्यांनी बघायचं. आणि हेच बोट माणसालाही लावा. नाईट करून आलेल्या पोराला "जेव, जेव" म्हणून उठवू नका. आधी बघा, त्याला भूक आहे की झोप. सूनबाई गाडीतून उतरून आली, तिच्या चेहऱ्याकडे बघा, मग चहाचं विचारा. त्यापेक्षा चहा तुम्हीच ठेवा!

आईनं जुन्या तुळशीच्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत जपल्या होत्या. श्रावणात तिनं त्या चोळून मातीत टाकल्या. आता पाणी घालायचा मान तिचा, आणि मातीत बोट घालायचा मान नातवाचा. तो ओरडतो, "आजी, ओली आहे!" ती म्हणते, "मग राहू दे." कार्तिकात तुळशीचं लग्न लावलं तेव्हा नवरी वीतभरच होती. मोठी तुळस काही परत आली नाही. पण आई पुन्हा बोलायला लागली हो.

त्या माउलीला हेच सांगितलं. बाई, देवासाठी वेगळा वेळ नसेल तर नसू दे. जे हाताखाली आहे त्याकडे बघ. बघताना नाम घे. देव अरणला गेला, तो बोईसरलाही येईल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!