गोष्टीत आलेली माणसं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतलं काहीतरी सांग’ म्हणून बजावलं होतं. ते राहू दे, रोज ऑफिसात तेच असतं. मी कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक कबुलीही आहे.

लेखक आपल्या लहानपणातून पात्रं कशी उचलतात, याचं आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण कागलचं. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात जुंपलेला मुलगा, त्याच्या शाळेसाठी दत्ताजीराव देसाईंकडे गाऱ्हाणं नेणारी आई, हे सगळं त्यांनी स्वतः सोसलेलं. त्यातले सौंदलगेकर मास्तर मला फार आवडतात. कविता तालासुरात म्हणून शिकवणारे. मास्तरांनी स्वतःच्या दारातल्या मालतीच्या वेलावर कविता केली होती. तो वेल पोरानं पाहिलेला होता. म्हणजे कवी आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं, आणि आपल्या मळ्यावरही लिहिता येतं, हे त्याला तिथं उमगलं. मग कागद जवळ नसला की तो काठीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहायचा. सर, बाई, तुमच्या दारातल्या कुंड्यासुद्धा आमच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यात अजून असतील बरं का!

यादवांनी आडपडदा ठेवला नाही. प्रकाश नारायण संतांनी उलटं केलं. कवयित्री इंदिरा संतांचा हा मुलगा बेळगावला आजोळी वाढला, तिथंच दत्तक गेला. वडील १९४६ साली वारले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढं कराडला भूशास्त्र शिकवत असताना या माणसानं लंपन लिहिला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा, मराठी-कानडीच्या मिसळीत वाढणारा. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंत चार पुस्तकं एकाच मुलाची. नाव बदललं, पण एकटेपण जसंच्या तसं राहिलं. नेमाडेंनी तर ‘कोसला’च्या नायकाचं आडनाव सांगवीकर ठेवलं, आणि सांगवी हे त्यांचं स्वतःचं गाव.

आमच्या धंद्यात एक काम असतं. चाचणीसाठी ग्राहकांची खरी माहिती वापरायची, पण नाव, फोन, पत्ता बदलून. तरी कधीकधी राहिलेल्या चार गोष्टींवरून माणूस ओळखू येतोच. हे ऑफिसात मी नव्या मुलांना शिकवते. स्वतः गोष्ट लिहिताना मात्र विसरले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी एक गोष्ट लिहिली. आपल्या वर्गातली एक मुलगी सकाळी सायकलवरून घरोघर दूध घालून शाळेत यायची. हँडलला रिकाम्या किटल्या. एकदा किटली सांडून तिचा फ्रॉक भिजला, दिवसभर वास येत राहिला, आणि आपण सगळे नाक धरून हसलो. ‘सगळे’ म्हणजे मीसुद्धा. गोष्टीत मी तिचं नाव बदललं, कोल्हापूरचं सांगली केलं. किटल्या तेवढ्या राहिल्या. शेवटी ती मुलगी शाळेच्या नळापाशी रडते असं लिहिलं. अंकातल्या लोकांना ते फार आवडलं.

अंक फिरत फिरत आपल्या ग्रुपवर आला आणि तिचा फोन आला. मला वाटलं, किटल्यांवरून रागावली असेल. ती म्हणाली, “ती मीच की गं. लिहिलंस ते बरं केलंस. पण मी रडले नव्हते. मी फ्रॉक पिळला आणि गणिताच्या तासाला बसले. नळापाशी तू रडत होतीस. मी बघितलं होतं.”

मला ते आठवतच नव्हतं. खरंच नव्हतं. माझं रडणं मी तिच्या डोळ्यांत घालून मोकळी झाले होते, आणि तिचा ताठपणा गोष्टीतून गायब केला होता. यादवांनी आणि संतांनी स्वतःला गोष्टीच्या मधोमध उभं केलं. मी दुसऱ्याच्या आड उभी राहिले.

गोष्ट मी पुन्हा लिहायला घेतली आहे. ती आज इथं आली आहे, मागून तिसऱ्या रांगेत. नाव घेऊ नकोस म्हणालीय, म्हणून घेत नाही. किटली त्या दिवशी नेमकी कशी सांडली, ते ती मला जेवणाच्या पंगतीत सांगणार आहे.