गाठीचा अहवाल वाचताना
(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या प्राध्यापकाने कर्करोगावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. या रोगात आपल्याकडे जी हानी होते, तिचा काही भाग शब्द न कळल्यामुळे होतो, आणि शब्द हा तर माझा व्यवसायच. पांढुर्णा-सौसरकडची कुटुंबे स्तनातील गाठीच्या उपचारासाठी बहुधा नागपूरची वाट धरतात. तेथून आणलेल्या अहवालात 'ई.आर. पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असले, की घर हातपाय गाळून बसते. 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट निघाले, हा आपला समज. येथे मात्र तो शब्द उपचाराचे एक दार उघडे असल्याची खूण आहे.

आपल्या देहातील काही ग्रंथी रक्तात सूक्ष्म द्रव्ये सोडतात. त्यांना इंग्रजीत १९०५ साली 'हॉर्मोन' हे नाव मिळाले; चेतविणारे, असा मूळ ग्रीक धातूचा अर्थ. मराठीतील 'संप्रेरक' हा प्रतिशब्द त्यामुळे अगदी नेमका आहे. (आपले सगळेच पारिभाषिक शब्द इतके भाग्यवान नाहीत, असो.) संप्रेरक रक्ताबरोबर सर्वत्र फिरते, पण त्याची हाक ऐकू येते ती काही पेशींनाच, कारण त्या पेशींत त्याला धरून ठेवणारे प्रथिन असते. त्याला 'ग्राही' म्हणतात. ईस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक स्तनाच्या पेशीतील ग्राहीला चिकटले, की ती जोडी पेशीच्या केंद्रकात जनुकांना जागे करते आणि पेशीला विभागण्याची आज्ञा मिळते. निरोगी देहात या आज्ञेला मर्यादा असते. कर्कपेशीने ग्राही टिकवून मर्यादा तेवढी झुगारली, म्हणजे तेच संप्रेरक गाठीचे खाद्य होते.

हे ज्ञान येण्यापूर्वीच त्याचा उपयोग झाला होता, ही मोठी नवलाची गोष्ट. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९५ मध्ये ३३ वर्षांच्या एका स्त्रीचे अंडाशय काढले. तिच्या स्तनाचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. तरीही गाठी विरल्या आणि ती आणखी काही वर्षे जगली. बीटसन यांना ही दिशा सुचली त्यात गोपालकांच्या अनुभवाचा वाटा होता. व्यालेल्या गाईचे अंडाशय काढले तर ती दीर्घकाळ दूध देते, हे काही देशांतील शेतकऱ्यांना ठाऊक होते. म्हणजे अंडाशय आणि स्तन यांचे काही नाते आहे, हे गोठ्यात आधी कळले आणि इस्पितळात नंतर. मात्र ही शस्त्रक्रिया काहींना लाभे आणि अनेकांना मुळीच लाभत नसे. का, याचा उलगडा व्हायला साठ-सत्तर वर्षे लागली. शिकागोचे एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी खूण लावलेले ईस्ट्रोजेन वापरून ग्राहीचे अस्तित्व दाखवून दिले. ज्या गाठीत ग्राही नाही, तिला संप्रेरक तोडून काय फरक पडणार?

आपण संत्र्याच्या बागांतली माणसे, तेव्हा पाण्याचा दृष्टांत घेऊ. बीटसन यांनी विहीरच बुजविली. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी वाफ्याचे तोंड बंद करते. पाटात पाणी असले तरी ते आत शिरत नाही, कारण ग्राहीची जागा गोळीने आधीच अडविलेली असते. हे औषध १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक म्हणून शोधले गेले आणि त्या कामी निरुपयोगी ठरले! पाळी गेलेल्या स्त्रीच्या देहात चरबीसारख्या ऊतींत थोडे ईस्ट्रोजेन तयार होत राहते. ते तयारच होऊ न देणाऱ्या वेगळ्या गोळ्या आहेत. कधी गाठ दुसरीकडून पाझर काढते आणि औषधाला दाद देत नाही. परंतु ग्राही असलेल्या रोगात टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून सिद्ध झाले आहे.

या विषयात मराठी नावही आहे. डॉ. राजेंद्र बडवे पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे संचालक झाले. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक धीट प्रश्न मांडला: मासिक चक्राच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली, यावर आयुष्य अवलंबून असेल काय? नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला नाही. त्यांनी मात्र वाद घालण्यापेक्षा प्रयोग केला. मुंबईत सुमारे १००० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनवर्गीय संप्रेरकाचे एकच इंजेक्शन दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकंदर फरक निर्णायक नव्हता. पण काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत पाच वर्षांनी रोगमुक्त असणाऱ्या इंजेक्शनवाल्या गटात शेकडा ६५ होत्या, तर दुसऱ्या गटात शेकडा ५५च्या आसपास. स्वस्त औषधाचा असा कसून शोध घेणारे लोक मला अधिक मोठे वाटतात.

आता आपल्या घरांविषयी. शस्त्रक्रिया होते, जखम भरते, बाई पुन्हा चुलीपाशी आणि शेतात जाते. मग 'आता बरी आहे, गोळी कशाला' म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गोळी सुटते. गोळी दुखण्यावर नाही, वाफ्याच्या तोंडावर आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, म्हणूनही काही जणी ती सोडतात. टॅमॉक्सिफेन घेताना क्वचित पायाच्या शिरेत रक्त गोठते, गर्भाशयाच्या अस्तरालाही धोका संभवतो. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेले, किंवा एकाच पायाला सूज आली, तर लाजेखातर लपवू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. परस्पर गोळी बंद करणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

आणि ज्यांच्या अहवालात ग्राहीचा उल्लेखच नाही त्यांनी काय करावे? गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळेत जपलेला असतो. तो मिळाला तर ही तपासणी नंतरही करता येते. ठोकळ्याचा क्रमांक अहवालावर छापलेला असतो.